अकरा ते तीन

१

सकाळी आठला शटर वर करायचं, झाडू मारायचा, ओला फडका फिरवायचा आणि मग संगणकावरचं कापड काढायचं. बटणं ठरलेल्या क्रमाने दाबायची: भिंतीचं, स्टॅबिलायझरचं, डब्याचं, पडद्याचं. क्रम चुकला तरी काही बिघडत नाही, असं माझी पोरगी पौर्णिमा म्हणायची. असेल. मी चौथी शिकलेली बाई. मला जे ज्या क्रमाने दाखवलं ते मी त्याच क्रमाने करते.

बार्शीटाकळीत तहसीलच्या रस्त्यावर आमचं दुकान. पाटीवर मोठ्या अक्षरात पौर्णिमा कॉम्प्युटर, खाली तेच इंग्रजीत. आमच्याकडे दुकानाला पोरीचं नाव द्यायची रीत आहे. पिठाच्या चक्कीवर चक्कीवाल्याची पोरगी, रसवंतीवर रसवंतीवाल्याची. पोरी सासरी जातात, पाट्या राहतात.

ही गोष्ट दोन हजार अकराची. त्या सालांत आमच्या दुकानात येणारा निम्मा कागद मेलेल्या माणसाचा असायचा. पंचनामा, मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज. बाया तोंडाला पदर लावून बाकावर बसायच्या, मी त्यांना पाणी द्यायची, आणि पौर्णिमा टाइप करायची. एकोणीस वर्षांची पोरगी दिवसभर कोणी काय प्यालं आणि किती वाजता प्यालं ते टाइप करत होती. तिला यातून बाहेर काढायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

माझा नवरा शेषराव. त्याने वावर मक्त्याने देऊन टाकलं आणि नांदगाव पेठेत एका कापडाच्या कारखान्यात लागला. ज्या कापसाने वावरातून उठवलं, त्याच कापसाच्या गाठी आता तो दुसऱ्यासाठी उचलतो. पंधरा दिवसांनी घरी यायचा. त्या उन्हाळ्यात येताना मुकादमाच्या पुतण्याचं स्थळ घेऊन आला.

"पोट्टीचा नर्सिंगले नंबर लागला तर शिकू द्या," मी म्हटलं.

"अन् नाही लागला तर?"

"तर दिवाळीनंतर तुमाले काय करायचं ते करा."

हे मी कबूल केलं. अमरावतीच्या एका नर्सिंग शाळेत जागा होत्या. अर्ज संगणकावरूनच भरायचा होता आणि शेवटच्या तारखेला बारा दिवस उरले होते. आणि आमच्या संगणकावर ती साइट उघडतच नव्हती. गोल फिरत राहायचं आणि पांढरं पान यायचं.

२

परवेज मूळचा अकोल्याचा, दुकान अमरावतीत. आमच्यासारख्या पंचवीस-तीस दुकानांचे संगणक तो सांभाळायचा. दोन लेकरांचा बाप, पोट सुटलेला, फटफटीवरून उतरला की आधी पाणी मागणारा माणूस.

"काकू, लाइन कमजोर हाय तुमची," तो म्हणाला. "अशा लाइनीले साइटवाले दारातूनच वापस करतात. एक प्रोग्राम टाकून देतो. प्रॉक्सी क्लायंट म्हणतात त्याले."

"ते काय करते?"

"समजा तुमाले तहसीलात काम हाय. तुमी जात नाही, मले धाडता. साहेब मले पाह्यते, तुमाले पाह्यतच नाही. मी कागद आणून तुमच्या हाती देतो. माह्या दुकानात एक मशीन चोवीस घंटे चालू असते. ते तुमच्यासाठी जाईन."

"अन् साहेबानं इचारलं, काम कोणाचं हाय?"

"नाव सांगन न ते तुमचं."

त्याने सीडी घातली. हिरवी पट्टी भरत गेली. मग एक चौकोन आला, त्यात चार रिकाम्या जागा. पत्ता, त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर, नाव आणि पासवर्ड. पहिल्या दोन त्यानेच भरल्या.

"नाव दुकानाचंच टाकतो, काकू."

"टाक न."

त्याने इंग्रजीत पौर्णिमा टाकलं. आठ अक्षरं. त्यांचा आकार मला पाठ आहे, रोज पाटीवर बघते. पासवर्डला पौर्णिमाची जन्मतारीख दिली.

"माय, दुसरं काही टाकाले सांग न," पौर्णिमा म्हणाली. "माह्यं नाव काहून?"

"दुकानाचं हाय ते. तुह्यं नाही."

घड्याळाशेजारचा ठिपका लाल होता तो हिरवा झाला. साइट फटकन उघडली. पौर्णिमा अर्जाच्या पहिल्या पानावर नाव, बापाचं नाव, गाव भरते न भरते तोच अकरा वाजले आणि वीज गेली. त्या महिन्यात आमचं भारनियमन अकरा ते तीन होतं. परवेजने सामान आवरलं. जाताना एक शिकवून गेला: अडलं तर ठिपक्यावर दोनदा दाबायचं, नोंदींची खिडकी उघडते. मशीन तुमच्यासाठी जितक्यांदा बाहेर गेलं तितक्या ओळी. त्यातले आकडे मला फोनवर वाचून दाखवा, मी काय ते सांगतो.

तीनला वीज आली. मी बटणं दाबली. आपल्याला जमतं का बघावं म्हणून ठिपक्यावर दोनदा दाबलं.

वरच्या ओळी दहा चाळीसच्या आणि दहा पंचावन्नच्या. त्या आमच्या. त्यांच्याखाली अकरा सतरा. अकरा बेचाळीस. बारा वीस. एक पाच. दोन अठ्ठावन्न. प्रत्येक ओळीच्या टोकाला ती आठ अक्षरं होती.

३

इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. पाढे तर अजून तोंडपाठ आहेत.

"घड्याळ बिघडलं असन," पौर्णिमा म्हणाली. परवेजही फोनवर तेच म्हणाला. डब्याच्या आत गोल चपटा सेल असतो, तो संपला की संगणक वाटेल ती वेळ लावतो. मग मी डबा उघडला. आत धुळीचा थर बसला होता. सेल काढून घड्याळवाल्याकडे नेला, तसाच दुसरा आणून बसवला आणि वेळ मिनिटाला मिनिट जुळवली.

दुसऱ्या दिवशी अकराला वीज गेली तशी मी भिंतीतला प्लग उपसला. टेलिफोनची वायरही उपसली. दोन्ही टोकं मांडीवर घेऊन बाकावर बसले. अंगात येणाऱ्या बायांना पाणी पाजून घरी धाडणारी मी, चार तास दोन वायरी धरून बसले. बाजूला पौर्णिमा सुपात तूर निवडत होती.

शेजारची सबीहा, शिलाईवाली, दारातून डोकावली. "काय वं जमुना, साप पकडून बसली का?"

"उंदीर वायर कुरतडून राह्यले."

"मंग मांजर पाळ. वायरीले काय राखण बसते?"

ती हसत गेली. वीज नसली की आमचा रस्ता मुका होतो. चक्की बंद, पंखे बंद, सबीहाची मोटरवाली मशीन बंद. त्या सामसुमीत कधीतरी मला टकटक ऐकू आली. बारीक, भरभर, मध्येच थांबणारी. मी वर टिनाकडे पाहिलं. उन्हानं टिन वाजतं. चिमण्याही असतात. पौर्णिमाचे हात तुरीत होते आणि तीही वर पाहत होती.

तीनला वायरी लावल्या. अकरा ते तीनच्या मधल्या सात ओळी.

"मंग तुमचं नाव अन् पासवर्ड घेऊन दुसरं कोणी तरी बसून राह्यलं," परवेज फोनवर म्हणाला. "ओळीच्या सुरवातीले पत्ता असते, तो वाचा."

मी एकेक आकडा वाचला. परत वाचा म्हणाला, मी परत वाचला.

"काकू, हा तर तुमच्याच टेबलावरचा पत्ता हाय."

"टेबलावर वीजच नव्हती, बाबू. प्लग माह्या मांडीवर होता."

"मंग माह्यं मशीन खोटं बोलून राह्यलं," असं म्हणून तो हसला. एकटाच.

पासवर्ड बदला म्हणाला. मी पौर्णिमाला बाहेर पाठवलं आणि एका बोटाने आमच्या वावराचा गट नंबर टाकला. तो आता शेषरावलाही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तीनला पाहिलं तर नऊ ओळी. मी पौर्णिमाला बोलावलं, म्हटलं, ओळीत मधी जे इंग्रजी आहे ते वाच.

तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "माय, ह्या साऱ्या एकाच जागच्या हाय. नर्सिंगच्या शाळेच्या."

४

अर्जाला लागणारा जातीचा दाखला तहसीलातून यायला वेळ लागला. तो आला त्या रात्री मी तो ट्रंकेत साड्यांखाली ठेवला. पौर्णिमाने पाहिलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी ती अर्जाचं पुढचं पान भरायला बसली तर पडद्यावर मराठीत अक्षरं आली: आपला अर्ज प्राप्त झाला आहे. खाली नंबर.

आम्ही तो छापून काढला.

सगळं बरोबर होतं. दहावीचे मार्क, बारावीचे मार्क, माझं माहेरचं नावसुद्धा. जातीच्या दाखल्याचा नंबर होता. मी ट्रंक उघडून ताडून पाहिला. ओळखीची खूण म्हणून लिहिलं होतं: डाव्या खांद्याच्या मागे भाजल्याचा डाग. ती सात महिन्यांची असताना माझ्या हातातून तवा निसटला होता. डाग इतका पुसट आहे की तो तिला स्वतःला माहीत नव्हता. मी तो कोणाला सांगितला नव्हता. शेषरावलाही नाही.

आणि फोटो. चेहरा पौर्णिमाचा. अंगात पांढरा, कॉलरचा कपडा. तसा तिच्याकडे नाही. मागे आमच्या दुकानाची भिंत, तिच्यातली आडवी भेग. आमच्याकडे कॅमेरा नाही. पण भेग ज्या उंचीवर दिसत होती त्यावरून फोटो पडद्याच्या जागेवरून काढलेला होता, हे मला कळत होतं. ती समोर पाहत नव्हती. डावीकडे, थोडं खाली पाहत होती. तिथे बाक आहे. मी रोज तिथेच बसते.

माणूस आधी माणसावरच संशय घेतो. मी परवेजला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं.

"काकू, त्या दिवसानंतर मी बार्शीटाकळीले आलोच नाही," तो म्हणाला. "अन् ते पोट्टी माह्या निखतएवढी हाय. निखत माह्यी लहानी बहीण."

मला लाज वाटली. माफी मात्र मागितली नाही.

"हा अर्ज रद्द करू, माय," पौर्णिमा म्हणाली. "मी माह्या हातानं नवीन भरतो." तिला लहानपणापासून पोरांसारखं बोलायची खोड.

"तारीख परवा हाय. हा रद्द झाला अन् नवीन नाही गेला तर?"

"पण हा मी नाही भरला."

"भरला गेला न? मंग चूप बैस. कोणाच्या बापाचं काय गेलं?"

"बापाचं नाही गेलं," ती म्हणाली. "सही पाहून राह्यली का तू? सही माह्यी हाय. माह्यापेक्षा चांगली केली."

मी कागद घडी करून पोलक्यात ठेवला. तारीख गेली. अर्ज आम्ही रद्द केला नाही.

५

यादी लागली. पौर्णिमाचा नंबर एकतिसावा, जागा चाळीस. सोमवारी हजर व्हायचं होतं. मी सबीहाच्या घरी साखर दिली. पौर्णिमाने खाल्ली नाही.

आदल्या आठवड्यात, बुधवारी, संध्याकाळी शेषरावचा फोन आला. फोनमध्ये तो वावरात ओरडल्यासारखा बोलतो, सगळ्या दुकानाला ऐकू येतं.

"पोट्टीले एवढ्या लांब एकटी काहून धाडली?"

"कोठी धाडली?"

"इथी. कारखान्याच्या फाटकावर आलती न. भाकर अन् मिरचीचा ठेचा घेऊन. लय शहाणी झाली बाप्पा. मुकादमाच्या पाया पडली. म्हणे, बाबा, तुमी म्हणान तसं. मले वाटलं तूच शिकवून धाडलं."

"कवा आलती?"

"बारा-साडेबारा झाले असन. काहून?"

बारा-साडेबाराला पौर्णिमा माझ्या बाजूला बाकावर होती. आम्ही भांडत होतो. त्या मुकादमाच्या पुतण्याला मी अंगठ्यावर मारते, असं ती म्हणत होती.

आता ती भिंतीला टेकून उभी होती. फोनमधला शब्द न् शब्द तिने ऐकला होता.

"बाबाले चांगली वाटली का?" तिने विचारलं. "माह्यापेक्षा?"

मी परवेजला फोन लावला. म्हटलं, काढून टाक तुझा प्रोग्राम. त्याने एकेक पायरी सांगितली, मी एकेक दाबली. शेवटी एक चौकोन आला. त्यातली अक्षरं मी आकारावरून सांगत गेले, तो जुळवत गेला.

"ते म्हणते, यूजर चालू हाय," परवेज म्हणाला. "यूजर चालू असला तर निघत नाही. पह्यले त्याले बाहेर काढा."

"कोणता यूजर?"

"पौर्णिमा."

पंखा फिरत होता. माझ्या मागे पौर्णिमाचा श्वास ऐकू येत होता.

"काकू, इथून मी ते नावच कापू शकतो. एक बटण हाय. कापू?"

"कापलं तर त्या नावानं जे झालं ते राहीन का जाईन?"

"म्हणजे?"

"अर्ज. नंबर. जागा."

"राह्याले पाहिजे." तो म्हणाला. "पण ह्या मशीनचं मले आता काही सांगता येत नाही. खरं सांगतो, काकू, मी दुपारी दुकानात बसतच नाही आजकाल. घरी जातो."

मी पडद्याकडे पाहिलं. हो आणि नाही अशी दोन बटणं होती.

"सोमवार होऊ दे," मी म्हटलं. "मंगळवारी काप."

"माय," पौर्णिमा मागून म्हणाली.

६

सोमवारी पहाटेची गाडी धरून आम्ही निघालो. ट्रंक, वळकटी, कागदांची पिशवी. शाळेच्या ऑफिसात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. अमरावतीतही वीज गेलेली होती. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि सगळ्या अंधारलेल्या.

ऑफिसातल्या बाबूने रजिस्टर उघडलं. "पौर्णिमा शेषराव घोगरे. ही तर गुरुवारीच हजर झाली."

"गुरुवारी आम्ही गावात होतो, साहेब."

"मूळ कागद जमा आहेत इथे."

"मूळ कागद माह्याजवळ हाय." मी पिशवी उलटी केली.

त्याने कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्या कागदांच्या बाजूला मांडली. दाखल्यावर दाखला. दोन्हींवर तहसीलचा शिक्का कोपऱ्यात तिरका पडलेला. दोन्हींवर चहाचा डाग, अर्धा गोल, ट्रंकेत ठेवायच्या आधी माझ्याच कपाचा. बाबूने पौर्णिमाकडे पाहिलं, फाइलीतल्या फोटोकडे पाहिलं, परत पौर्णिमाकडे.

"एकीच्या जागी दुसरीला बसवायचे धंदे मी खूप पाहिलेत, बाई," तो म्हणाला. "पकडले गेले की दोघींची नावं कटतात. वरून पोलीस." मग शिपायाला म्हणाला, "त्या घोगरेला बोलाव."

आम्ही व्हरांड्यात उभ्या राहिलो. पौर्णिमाने माझा हात धरला. शाळेत पहिल्या दिवशी सोडायला गेले होते त्यानंतर तिने माझा हात असा धरला नव्हता.

व्हरांड्याच्या पार टोकाला दार होतं आणि त्यातून ऊन येत होतं. पांढऱ्या कपड्यातल्या पाच-सहा पोरी तिथून बाहेर आल्या, बोलत, हसत. एक थांबली. उजेड तिच्या मागे होता, चेहरा दिसत नव्हता. ती पुढे आली नाही. एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी राहिली. बगळ्यासारखं उभं राहू नको, असं मी हजारदा सांगितलं असेल. मी माझ्या बाजूला खाली पाहिलं. पौर्णिमाचा डावा पाय उजव्या पायावर होता.

"हं, सांगा," बाबू दारात येऊन म्हणाला. "यातली तुमची मुलगी कोणती?"

मी इतकी वर्षं बाकावर बसून बायांना एकच शिकवत आले. साहेबासमोर खरं-खोटं करत बसू नोको, बाई. ज्यानं कागद पुढे सरकते ते उत्तर दे. बाकीचं घरी जाऊन पाहू. त्या ऐकायच्या, आणि कागद पुढे सरकायचा.

ही माझी म्हटलं असतं तर दोघींचं नाव कटलं असतं, आणि दिवाळीनंतर मुकादमाचा पुतण्या होताच. ती माझी म्हटलं तर जागा राहत होती. आठ दिवसांनी येऊन काय ते निस्तरू. हा हिशेब करायला मला श्वासभरसुद्धा वेळ लागला नाही.

"ते," मी टोकाकडे बोट केलं. "आतली. ही माह्या बहिणीची पोरगी हाय. सोबतीले आली."

प्रत्येक गोष्टीला उलटून बोलणारी माझी पोरगी एक शब्द बोलली नाही. हात तिने सोडला नाही. पण त्या हाताची पकड होती ती गेली.

टोकाला उभी होती तिने मान हलवली. काम झालं की हलवतो तशी. आणि आत निघून गेली.

७

मंगळवारी सकाळी परवेजचा फोन आला.

"कापलं, काकू. तुमी म्हटलं होतं तसं. आता त्या नावाचं कोणी नाही माह्या मशीनच्या यादीत."

मी त्याला मंगळवार सांगितला होता हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. ठिपका लाल झाला. नंतर कधी दुपारची ओळ आली नाही. आठ दिवसांनी अमरावतीला जायचं होतं, ते आज जाऊ उद्या जाऊ करत राहिलं. जाऊन कोणाला काय सांगणार होते?

त्या मंगळवारीच दुपारी सबीहा आली आणि बाकावर बसली. पौर्णिमा तिथे बसलेली होती. ती घाईने सरकली, नाहीतर सबीहा तिच्या मांडीवरच बसली असती.

"करमते का पौर्णिमाले तिकडं?" सबीहाने मला विचारलं.

मला वाटलं थट्टा करते आहे. मी पौर्णिमाकडे पाहिलं. ती सबीहाच्या तोंडासमोर हात हलवत होती.

त्यानंतर तिने संगणकावर बसून पाहिलं. तिच्या बोटाखाली बटणं दबत नाहीत. आता टाइप मी करते, एका बोटाने. अक्षरं ती सांगते. तिचा आवाज येतो, पण भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसा, आणि गिऱ्हाईक असलं की मला मान हलवून हो म्हणता येत नाही. अर्धी भाकर वाढते. कधी ती संपते, कधी तशीच असते. रात्री तिच्या अंगावर पांघरूण टाकते तर ते खाटेवर सपाट पडतं की काय, या भीतीने मी दिवा मालवून मग टाकते.

रविवारी अमरावतीहून फोन येतो. "आई, जेवलीस का? आई, तब्येत सांभाळ." ती मला आई म्हणते. माझ्याशी एकदाही भांडलेली नाही. शेषराव म्हणतो, तू म्हणत होती तेच खरं, शिक्षणानं पोरगी सुधरली. मुकादमाच्या पुतण्याचं नाव आता तो काढत नाही. मी जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत शेषराव तिला घेऊन येणार असं ठरलं. मी घर सारवलं. दोन खोल्यांचं घर, पोरीची खाट एकच. पौर्णिमा सकाळपासून त्या खाटेवर बसून होती, गुडघे पोटाशी घेऊन. मी करंज्या तळत होते. दुपारी बाहेर ऑटो थांबला. सबीहाचा आवाज आला, "आली वं जमुना, तुह्यी पौर्णिमा आली." मग शेषरावचं हसणं. मग पायऱ्यांवर हलकी पावलं, आणि दाराशी गोड आवाज, "आई, आहेस ना घरात?"

मी झारा हातात घेऊन उभी राहिले. मागच्या खोलीत खाट करकरली. पौर्णिमा उठली होती.

"माय," ती म्हणाली, "मंग मी कुठी बसू?"